वाचकांचे प्रश्न : म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतो कसा?

विश्वकिरणांवरच्या, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या वेगवान कणांवरच्या, मागील लेखात एक विधान ओघात आले होते. वातावरणाच्या वरच्या थरांत जन्मणारे म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात, याचे कारण सापेक्षता सिद्धांतात आहे, असे ते विधान होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तो नीट सुटला की बाकीचे बरेचसे आपोआप सुटतात.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमच्या पुस्तकात म्यूऑनचे उदाहरण दोनदा येते, एकदा कालविस्तारासाठी (वेगात असलेले घड्याळ मंद चालणे) आणि एकदा लांबीच्या आकुंचनासाठी (वेगात असलेली वस्तू गतीच्या दिशेने आखूड भरणे). यांतले खरे कारण कोणते? की दोन्ही एकत्र धरायचे? शिवाय म्यूऑनच्या बाजूने पाहिले तर आपणच वेगात आहोत, म्हणजे त्याच्या हिशेबाने आपली घड्याळे मंद चालायला हवीत. मग आपल्या घड्याळात जास्त वेळ गेलेला कसा निघतो? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक विद्यार्थी तिथेच अडखळतात. दोन्ही एकत्र धरायचे नाहीत. कालविस्तार हा जमिनीवर उभ्या असलेल्या निरीक्षकाचा हिशेब आहे आणि लांबीचे आकुंचन हा म्यूऑनबरोबर प्रवास करणाऱ्या निरीक्षकाचा. घटना एकच आहे, ती मांडणाऱ्या संदर्भचौकटी दोन आहेत, आणि एका वेळी एकाच चौकटीत राहून हिशेब पुरा करायचा असतो.

आता हे आकड्यांनी पाहू. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याच्या सुमारे २०७ पट वस्तुमानाचा कण आहे. तो टिकाऊ नाही. स्थिर असलेल्या म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते, आणि त्यानंतर त्याचा क्षय होऊन एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो उरतात. प्रकाशाच्या वेगाने जाणारी वस्तूही २.२ मायक्रोसेकंदांत जेमतेम ६६० मीटर जाते. म्यूऑन मात्र साधारणपणे १५ किलोमीटर उंचीवर तयार होतात. तेवढे अंतर प्रकाशवेगाने कापायलाही ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सरासरी आयुष्याच्या जवळजवळ २३ पट. जुन्या, न्यूटनच्या काळकल्पनेने हिशेब केला तर सात-आठ अब्ज म्यूऑनांमागे एखादाच जमिनीवर उतरावा. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला आडव्या धरलेल्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन आरपार जातो.

हा विरोध मोजमापाने तपासणारा सर्वांत स्वच्छ प्रयोग, निदान शिकवण्याच्या दृष्टीने, डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ यांनी अमेरिकेत केला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी आपले उपकरण न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर, १,९०७ मीटर उंचीवर नेले. उपकरणाचा गाभा म्हणजे कण आत शिरला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकचा एक ठोकळा. त्यावर सुमारे पाऊण मीटर जाडीचा लोखंडाचा थर रचला होता. फार मंद म्यूऑन लोखंडातच अडकत, फार वेगवान म्यूऑन ठोकळ्यातूनही निसटून जात, आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यातल्या वेगाचे म्यूऑन नेमके ठोकळ्यात थांबत. हा वेग प्रकाशवेगाच्या ०.९९५० ते ०.९९५४ पट होता. म्यूऑन थांबला की एक चमक उठे, आणि त्याचा क्षय झाला की दुसरी. दोन चमकांमधले अंतर म्हणजे त्या म्यूऑनने थांबल्यावर काढलेले आयुष्य. या मांडणीतली खुबी लक्षात घ्या : पकडलेले म्यूऑन स्थिर असताना किती वेळात किती संख्येने नाहीसे होतात, हे त्याच उपकरणाने त्याच म्यूऑनांवर मोजले. आयुष्याचा आकडा बाहेरून उसना घ्यावा लागला नाही.

माथ्यावर तासाला सरासरी ५६३ म्यूऑन पकडले गेले. माथ्यापासून समुद्रसपाटीपर्यंतचे अंतर या वेगाने कापायला सुमारे ६.४ मायक्रोसेकंद लागतात. स्थिर म्यूऑनांच्या नोंदींवरून ६.४ मायक्रोसेकंदांनंतर ५६३ पैकी फक्त २७ उरायला हवे होते. मग तेच उपकरण मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, जवळजवळ समुद्रसपाटीला आणले. मधल्या हवेत म्यूऑनांचा वेग थोडा घटलेला असतो, म्हणून लोखंडाची जाडी त्या प्रमाणात कमी केली, जेणेकरून माथ्यावर मोजलेल्या गटातलेच म्यूऑन खाली मोजले जावेत. तासाला ४०८ म्यूऑन मिळाले.

५६३ चे ४०८ व्हायला स्थिर म्यूऑनांना किती वेळ लागतो? सुमारे ०.७ मायक्रोसेकंद. म्हणजे आपल्या घड्याळांत ६.४ मायक्रोसेकंद गेले, तेव्हा म्यूऑनांवर जेमतेम ०.७ मायक्रोसेकंद गेला. सापेक्षता सिद्धांत या दोन काळांचे गुणोत्तर एका सूत्राने देतो : कणाचा वेग भागिले प्रकाशवेग, याचा वर्ग १ मधून वजा करा, उरलेल्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने १ ला भागा. यालाच लॉरेन्ट्झ गुणक म्हणतात. ०.९९५ साठी वर्ग ०.९९००२५, बाकी ०.००९९७५, वर्गमूळ सुमारे ०.१ आणि गुणक सुमारे १० येतो. हवेत वेग घटत गेल्याने संपूर्ण प्रवासासाठी सरासरी गुणक ८.४ अपेक्षित होता. प्रयोगातून तो ८.८ मिळाला, आणि मोजमापातल्या अनिश्चिततेच्या मर्यादेत दोन्ही आकडे जुळतात.

हा झाला जमिनीवरून केलेला हिशेब. यात डोंगर पूर्ण उंचीचा आहे, प्रवास पूर्ण ६.४ मायक्रोसेकंदांचा आहे आणि म्यूऑनचे घड्याळ मंद आहे.

आता म्यूऑनबरोबर चला. सोयीसाठी वेग कायम ०.९९५ आणि गुणक १० धरू. या चौकटीत म्यूऑन जागचा हलत नाही, त्याचे आयुष्य नेहमीचेच, २.२ मायक्रोसेकंदांचे असते, त्यात वाढ वगैरे काही झालेली नसते. डोंगर, हवा आणि खालची जमीन प्रचंड वेगाने त्याच्याकडे येत असतात आणि गतीच्या दिशेने त्यांची लांबी दहापट आकसलेली असते. १,९०७ मीटरचा डोंगर या चौकटीत सुमारे १९० मीटरचा आहे. तेवढा डोंगर ०.९९५ प्रकाशवेगाने शेजारून जायला ०.६४ मायक्रोसेकंद लागतात. म्यूऑनवर गेलेला वेळ तोच निघाला, आणि खाली पोहोचणाऱ्या म्यूऑनांची संख्याही तीच निघाली. कोण कोणत्या चौकटीतून पाहतो यावर ‘किती वेळ’ आणि ‘किती अंतर’ हे अवलंबून असते, पण ठोकळ्यात किती चमका उठल्या यावर दुमत होऊ शकत नाही.

दोन्ही परिणाम एकदम लावले असते तर काय झाले असते, हेही करून पाहा. आयुष्य ८.४ पट लांबवले आणि वर पुन्हा डोंगरही ८.४ पट आखूड केला, तर ५६३ पैकी सुमारे ५४० म्यूऑन खाली मिळायला हवे होते. मिळाले ४०८. उत्तरपत्रिकांत सर्रास दिसणारी ही चूक प्रयोगानेच अशी खोडून काढली आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत चांगला आहे. म्यूऑनच्या चौकटीत जमिनीवरची घड्याळे मंद चालतात, हे अगदी बरोबर. म्यूऑनच्या ०.६४ मायक्रोसेकंदांत जमिनीवरचे घड्याळ दहापट कमी, म्हणजे फक्त ०.०६४ मायक्रोसेकंद पुढे सरकते. मग ६.४ आले कुठून? याचे उत्तर समकालिकतेत आहे, आणि पुस्तके नेमकी हीच पायरी घाईत उरकतात.

आपण ६.४ मायक्रोसेकंद मोजले, ते दोन घड्याळे वापरून. एक माथ्यावर आणि एक पायथ्याशी, दोन्ही एकमेकांशी जुळवलेली. म्यूऑन माथ्यापाशी असताना वरच्या घड्याळात शून्य होते, पायथ्याशी पोहोचला तेव्हा खालच्या घड्याळात ६.४ होते. ‘दोन्ही घड्याळे जुळलेली आहेत’ याचा अर्थ त्यांच्यात एकाच क्षणी एकच वेळ दिसते. परंतु एकमेकांपासून दूर घडणाऱ्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या की नाही, याबद्दल दोन चौकटींचे एकमत नसते. म्यूऑनच्या चौकटीत ही दोन घड्याळे जुळलेली नाहीत, पायथ्याचे घड्याळ पुढे आहे. किती पुढे, हेही सिद्धांत सांगतो : वेग गुणिले डोंगराची उंची, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. आकडे घातले की ६.३३ मायक्रोसेकंद मिळतात. म्हणजे म्यूऑनच्या हिशेबाने तो माथ्यापाशी असताना पायथ्याच्या घड्याळात आधीच ६.३३ वाजलेले होते. त्यानंतरच्या प्रवासात ते मंद गतीने ०.०६४ पुढे गेले. दोन्हींची बेरीज करा, ६.३९ येते. जमिनीवरच्या हिशेबातले ६.४ मायक्रोसेकंद ते हेच, दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत लिहिलेले.

कालविस्तार, लांबीचे आकुंचन आणि समकालिकतेतला फरक या तीन गोष्टी सुट्या शिकल्या की कोड्यासारख्या वाटतात. तिन्ही एकत्र मांडल्या की हिशेब पैशापैशाने जुळतो. परीक्षेच्या तयारीत एकच काम करायचे असेल तर हे गणित दोन्ही चौकटींतून स्वतः कागदावर सोडवा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : म्यूऑनच्या आत कुठलेही यंत्र नाही, काटे नाहीत. मग त्याचे ‘घड्याळ मंद होते’ म्हणजे नेमके काय मंद होते? वेगवान म्यूऑन हवेतून जाताना त्याच्यावर अन्य काही परिणाम होऊन तो जास्त टिकत असेल, ही शक्यता कशी नाकारली? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : म्यूऑनच्या आत झिजणारे काही नाही, हे खरे. दोन मायक्रोसेकंद जगलेला म्यूऑन आणि नुकताच जन्मलेला म्यूऑन यांच्यात काडीचाही फरक नसतो. पुढच्या क्षणी क्षय होण्याची शक्यता दोघांची सारखीच असते. म्हणून एकट्या म्यूऑनवरून वेळ सांगता येत नाही. पण हजारो म्यूऑनांचा समूह घेतला तर दर २.२ मायक्रोसेकंदांनी त्यातले साधारण ३७ टक्के उरतात, आणि हे प्रमाण इतके पक्के आहे की उरलेल्यांची संख्या मोजून किती वेळ गेला ते सांगता येते. समूह हेच घड्याळ. कालविस्तार सांगतो तो असा, की वेगवान समूहात ही घट आपल्या हिशेबाने लॉरेन्ट्झ गुणकाच्या पटीने सावकाश होते. म्यूऑनला काही ‘होत’ नाही. दोन घटनांमधला काळ वेगवेगळ्या मार्गांनी मोजला की वेगवेगळा भरतो, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याहून साताऱ्याला एक गाडी थेट महामार्गाने गेली आणि दुसरी आडवाटांनी वळसे घेत गेली, तर दोघींच्या मीटरवर किलोमीटर वेगळे दिसतात, आणि कुठल्याही मीटरमध्ये बिघाड नसतो. काळाच्या बाबतीत फरक एवढाच, की येथे वळसे घेणाऱ्याच्या घड्याळात कमी वेळ भरतो.

हवेच्या परिणामाची शंका रास्त आहे आणि तिचे निरसन हवाच काढून टाकून झाले. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात सुमारे १४ मीटर व्यासाच्या एका वर्तुळाकार निर्वात नळीत म्यूऑन फिरवले गेले. मूळ उद्देश म्यूऑनचे चुंबकीय गुणधर्म अतिशय सूक्ष्मपणे मोजण्याचा होता, पण त्याच प्रयोगात त्यांचे आयुष्यही मोजले गेले आणि १९७७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. म्यूऑनांचा वेग प्रकाशवेगाच्या ०.९९९४ पट होता आणि लॉरेन्ट्झ गुणक २९.३. अपेक्षित आयुष्य २.२ गुणिले २९.३, म्हणजे सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद. मोजलेले आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंदच भरले, आणि हा मेळ हजारात एक-दोन भागांइतका बारकाईचा होता. त्या नळीची एक फेरी पुरी करायला म्यूऑनला सुमारे ०.१५ मायक्रोसेकंद लागत असे. कालविस्तार नसता तर सरासरी म्यूऑनने १५ फेऱ्याही पुऱ्या केल्या नसत्या. प्रत्यक्षात सरासरी ४३० च्या आसपास फेऱ्या होत होत्या.

या प्रयोगाने आणखी एक मुद्दा निकालात काढला. वर्तुळात फिरणाऱ्या कणाला सतत त्वरण असते, आणि या म्यूऑनांना स्वतःच्या चौकटीत जाणवणारे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्व-त्वरणाच्या दहाच्या अठराव्या घाताइतक्या पटीचे होते. एवढ्या भयंकर त्वरणाचा आयुष्यावर वेगळा असा कोणताही परिणाम आढळला नाही; आयुष्य ठरले ते केवळ वेगावरून. आणि येथे म्यूऑन फिरून पुन्हा त्याच जागी येत असल्याने दोन घड्याळे जुळवण्याचा प्रश्नही उरत नाही. त्याच एका जागी ठेवलेल्या घड्याळाशी थेट तुलना होते, आणि कमी वेळ गेलेला असतो तो म्यूऑनवरच. जुळ्या भावांचे जे प्रसिद्ध कोडे पुस्तकांत असते (वेगवान प्रवास करून परतलेला भाऊ घरी राहिलेल्यापेक्षा तरुण निघतो), ते येथे प्रत्यक्ष घडताना दिसते.

प्रश्न : कालविस्ताराचे पुरावे पुष्कळ सांगितले जातात, पण लांबीचे आकुंचन कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? (एक अभियंता, ठाणे)

उत्तर : डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि मोठी वस्तू तेवढ्या वेगाने समोरून गेली तरी ते सरळ दिसणारही नाही. दिसणे म्हणजे वस्तूच्या वेगवेगळ्या भागांवरून वेगवेगळ्या क्षणी निघालेला प्रकाश डोळ्यात एकदम पोहोचणे. रॉजर पेनरोझ आणि जेम्स टेरेल यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले, की या परिणामामुळे वेगवान गोलाची कडा चपटी न दिसता वर्तुळाकारच दिसेल. आकुंचन हे मोजमापातले आहे. वस्तूची दोन्ही टोके एकाच क्षणी कुठे आहेत याची नोंद केली तरच ते हाती लागते.

तरीही त्याचे परिणाम रोजच्या कामात वापरले जातात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या यंत्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात. त्यांचा गुणक सुमारे ४,९०० आहे. अशा यंत्रांत अनड्युलेटर नावाची एक मांडणी असते, जिच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून-पालटून येतील अशी चुंबकांची रांग असते. तिच्यातून जाताना इलेक्ट्रॉन नागमोडी हलतो आणि प्रकाश बाहेर टाकतो. उदाहरणासाठी चुंबकांची एक पुनरावृत्ती ५ सेंटिमीटरची धरा. इलेक्ट्रॉनच्या चौकटीत ही रांगच त्याच्याकडे धावत येते आणि ५ सेंटिमीटर ४,९०० पट आकसून मिलिमीटरचा शंभरावा भाग होतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन साधारण तेवढ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. तो आपल्याकडे येणाऱ्या कणाने टाकलेला असल्याने डॉप्लर परिणामामुळे (स्रोत जवळ येत असला की तरंग दाटतात) आणखी सुमारे ९,८०० पट आखूड होतो, आणि आपल्या हाती येतात सुमारे १ नॅनोमीटर तरंगलांबीचे क्ष-किरण. चुंबक तीव्र असले तर तरंगलांबी काहीशी वाढते, पण आकड्याची पातळी हीच राहते. हातात धरता येतील एवढ्या चुंबकांपासून अणूंच्या मापाच्या जवळ जाणारा प्रकाश मिळतो, तो असा.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाच १ नॅनोमीटर प्रयोगशाळेच्या चौकटीत आकुंचनाचे नावही न घेता काढता येतो. तिथे हिशेब असा असतो, की इलेक्ट्रॉन स्वतःच टाकलेल्या प्रकाशाच्या जवळजवळ बरोबरीने धावतो, म्हणून लागोपाठचे तरंग एकमेकांना खेटून बाहेर पडतात. म्हणजे सांगलीच्या विद्यार्थिनीला दिलेले उत्तर येथेही लागू पडते. परंतु इलेक्ट्रॉनच्या बाजूने हिशेब मांडायचा ठरवला, तर आकुंचनाशिवाय तो जुळत नाही.

आपल्याच चौकटीत आकुंचन दाखवणारे उदाहरण हवे असेल तर ते न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आहे. तिथे २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवण्याचे प्रयोग झाले. त्यांचा गुणक १०० च्या थोडा वर होता. स्थिर असताना सोन्याच्या अणुकेंद्राचा व्यास सुमारे १४ फेम्टोमीटर असतो. १ फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. टकरीच्या वेळी गतीच्या दिशेने ही जाडी ०.१३ फेम्टोमीटरवर येते, आडवा व्यास मात्र १४ च राहतो. म्हणजे गोलाऐवजी दोन पातळ तबकड्या एकमेकींतून जातात, आणि सगळी टक्कर फार थोड्या अवधीत, फार थोड्या जागेत ऊर्जा ओतून संपते. त्या टकरींचे कोणतेही गणित अणुकेंद्रे चपटी धरूनच सुरू होते.

लोकप्रिय लेखनात आणखी एक उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते थोडे दुरुस्त करून घ्यावे. स्टॅनफर्डचा सरळ रेषेतला कणवेगवर्धक ३.२ किलोमीटर लांबीचा आहे. ५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा गुणक सुमारे ९८,००० असतो, म्हणून त्याला ही सगळी नळी ३ सेंटिमीटरांची भासते, असे म्हटले जाते. पूर्ण वेगात असलेल्या इलेक्ट्रॉनसाठी ते खरे आहे. पण नळीत शिरताना इलेक्ट्रॉन त्या वेगात नसतो, त्याची ऊर्जा वाटेत वाढत जाते. ऊर्जा एकसारखी वाढते असे धरून प्रत्येक तुकडा त्या-त्या ठिकाणच्या गुणकाने आखूड केला आणि बेरीज घेतली, तर साऱ्या प्रवासाचे अंतर ३ सेंटिमीटर न येता ४० सेंटिमीटरच्या थोडे खाली येते. तेही ३.२ किलोमीटरच्या मानाने थक्क करणारेच आहे, त्यामुळे उदाहरण बरोबर सांगण्याने त्याची गोडी कमी होत नाही.

प्रश्न : या विषयात भारतीय शास्त्रज्ञांचा काही वाटा आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आहे, आणि तो अगदी सुरुवातीचा आहे. १९३५ मध्ये हिदेकी युकावा यांनी अणुकेंद्रातल्या बलाचा वाहक म्हणून इलेक्ट्रॉनपेक्षा जड असा एक कण असावा, असे भाकीत केले होते. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमायर यांना विश्वकिरणांत जवळपास त्या वस्तुमानाचा एक कण आढळला. १९३८ मध्ये, तेव्हा इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात काम करणाऱ्या मुंबईच्या होमी भाभा यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. असा कण आपोआप क्षय पावत असेल तर तो कण म्हणजेच एक घड्याळ मानता येईल आणि वेगात असताना त्याचे आयुष्य सापेक्षता सिद्धांतानुसार लांबलेले दिसले पाहिजे, हा विचार त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे. तेव्हा भाभा अठ्ठावीस वर्षांचे होते. युकावांचा कण आणि विश्वकिरणांतला कण हे वेगळे आहेत, हे १९४७ पर्यंत कळले नव्हते. पण भाभांचा तर्क कोणत्याही अस्थिर कणाला लागू होता. १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोत डेन्व्हर आणि त्याहून सुमारे १,६०० मीटर उंच असलेले एको लेक या दोन ठिकाणी मोजमाप करून तो प्रत्यक्ष तपासला. वेगवान म्यूऑन वाटेत कमी संख्येने नाहीसे होतात, असे त्यांना आढळले.

पुढे भाभांनीच उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोलारच्या सोन्याच्या खाणींत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीपर्यंत, म्यूऑन मोजले. उटीला याच संस्थेच्या ग्रेप्स-३ प्रयोगात ५६० चौरस मीटरची म्यूऑन-दुर्बीण आजही काम करते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये उटीवरून गेलेल्या एका वादळी ढगातला विद्युत-दाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट असल्याचे निदान या दुर्बिणीत उतरणाऱ्या म्यूऑनांच्या संख्येत पडलेल्या फरकावरून केले गेले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा गणितांत कालविस्तार हा आता सिद्ध करण्याचा विषय उरलेला नाही, तो गृहीत धरूनच पुढचे काम चालते.

प्रश्न : मग प्रकाशकणासाठी काळ पूर्ण थांबतो असे म्हणावे का? आणि वस्तुमान असलेला कण या दिशेने कुठवर जाऊ शकतो? (एक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. ‘म्यूऑनसाठी’ असे आपण म्हणतो तेव्हा म्यूऑन जिच्यात स्थिर आहे अशी एक चौकट मनात असते. प्रकाश जिच्यात स्थिर आहे अशी चौकटच सापेक्षता सिद्धांतात असू शकत नाही, कारण प्रत्येक चौकटीत त्याचा वेग तोच असतो. त्यामुळे ‘प्रकाशकणाचे घड्याळ’ हा प्रश्न विचारायला जागा राहत नाही.

वस्तुमान असलेल्या कणाला मात्र गुणकाची वरची मर्यादा नाही. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या यूटा राज्यात फ्लाइज आय या वेधयंत्राने सुमारे ३ गुणिले दहाचा विसावा घात इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक विश्वकिरण टिपला. तो प्रोटॉन होता असे धरले तर त्याचा गुणक ३०० अब्जांच्या वर जातो. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे, म्हणजे ती ओलांडायला त्या कणाला आपल्या घड्याळांनी एक लाख वर्षे लागतील. त्याच्या स्वतःच्या घड्याळात त्या प्रवासाला दहा सेकंदही पुरतील. सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत क्षय पावतो, पण त्याला दहाचा अठरावा घात इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली तर तो सरासरी सुमारे ३०,००० प्रकाशवर्षांपर्यंत टिकेल. आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने वाटेतली चुंबकीय क्षेत्रे त्याला वळवू शकत नाहीत, म्हणून या ऊर्जेच्या पट्ट्यात केंद्राच्या दिशेने सरळ येणारे न्यूट्रॉन सापडतात का, याचा शोध विश्वकिरणांच्या मोठ्या वेधशाळांनी घेतलेला आहे.